विदर्भातल्या जुन्या स्टेशनांची मॉडेल किट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शकुंतला (यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर), नागपूर–छिंदवाडा, नागपूर–नागभीड, अकोला–खंडवा या मार्गांवरची स्टेशनं, फाटकं, मालधक्के आणि रुळाकाठचे जिन (कापसातली सरकी काढणारे कारखाने) घरच्या मॉडेल रेल्वेसाठी बनवणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. एखादं उत्तर अपुरं वाटलं तर त्यात सांगितलेला दुसरा क्रमांक पाहा.

१. किट म्हणजे नेमकं काय? डब्यातून तयार स्टेशन निघतं का?

नाही. भिंती, दारं, खिडक्या, व्हरांड्याचे खांब, छप्पर असे सुटे भाग मिळतात. ते तासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे काम आपलं. गाडी, रूळ, वीजजोडणी यांचा किटशी संबंध नसतो. धारदार कटर, स्टीलची पट्टी, बारीक सँडपेपर, फेविकॉल आणि दोन-तीन ब्रश एवढ्यावर सुरुवात होते.

२. आपल्याकडच्या स्टेशनचं किट दुकानात मिळेल का?

दुकानात मिळतात ती त्या-त्या कंपनीच्या मुलखातली घरं. जर्मनीच्या फालर, फोलमर, आउहागेन यांच्या स्टेशनांना बर्फ घसरावा म्हणून उभी छपरं असतात आणि प्रत्येक खोलीला धुराडं. अमेरिकेच्या वॉल्थर्सकडे धान्याची कोठारं आणि कारखाने भरपूर. ब्रिटनच्या मेटकाफची किट छापील जाड पुठ्ठ्याची. यात दारव्हा किंवा अचलपूर शोधू नका.

आपल्याकडे चालणारा मार्ग म्हणजे स्वतः नकाशा काढायचा आणि लेसरवर कापून घ्यायचा. अमरावती, अकोला, नागपूर इथले नावाच्या पाट्या आणि लग्नाच्या भेटवस्तू बनवणारे बरेच जण एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) लेसरने कापतात. त्यांना नकाशाची डीएक्सएफ फाइल (लेसर यंत्राला वाचता येणारी) द्या. आधी एक खिडकी आणि एक कोपरा कापून पाहा, मग पूर्ण इमारत. लेसरची रेघ स्वतःच दीड-दोन दशांश मिलिमीटर लाकूड खाते, त्यामुळे खाचेत बसणारी जीभ नकाशात थोडी रुंद ठेवावी लागते. नाहीतर सगळं ढिलं बसतं.

३. कोणतं स्केल घ्यावं? एचओ, ओओ, एन… डोकं गरगरतं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विदर्भापुरतं त्याचं उत्तर सरळ आहे.

एचओ म्हणजे १:८७. खरा एक फूट मॉडेलमध्ये ३.५ मिमी होतो. ओओ म्हणजे १:७६. एक फूट ४ मिमी. एन म्हणजे १:१६०. एक फूट दोन मिलिमीटरला थोडा कमी. एचओ आणि ओओ दोन्ही १६.५ मिमी रुळावर धावतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. इमारतींच्या बाबतीत मात्र दोन्हींत सुमारे १४ टक्के फरक पडतो आणि तो डोळ्याला लगेच दिसतो.

आता आपली गाडी. शकुंतला आणि सातपुड्याच्या नॅरोगेजच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागलं तर ८.७६ येतात. बाजारात सहज मिळणारा एन स्केलचा रूळ ९ मिमीचा आहे. म्हणजे इमारती आणि माणसं १:८७ ची, रूळ एनचा. या जोडीला एचओई म्हणतात आणि आपल्या नॅरोगेजला ती जवळजवळ मापून शिवल्यासारखी बसते. एनमध्येच नॅरोगेज करायला गेलात तर पावणेपाच मिलिमीटरचा रूळ लागेल. तो कुठून आणणार? ब्रॉडगेजही सोबत हवी असेल तर प्रश्न १३, मीटरगेजसाठी प्रश्न १४.

जागेचं म्हणाल तर ४० फूट बाय २० फुटांचं छोटं स्टेशन एचओमध्ये १४ बाय ७ सेंमी होतं. देवघराच्या बाजूच्या फळीवरही मावेल.

४. पहिल्यांदाच करतोय. कोणती इमारत निवडू?

फाटकवाल्याची खोली. चार भिंती, एक दार, एक खिडकी, वर टिनाचं किंवा सपाट छत. दहा बाय आठ फुटांची खोली एचओमध्ये ३५ बाय २८ मिमी होते. बिघडली तर एमडीएफचा तळहाताएवढा तुकडा गेला. त्यानंतर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची हत्यारं ठेवायची खोली, मग पाण्याची टाकी, आणि हात बसल्यावर स्टेशन. व्हरांडा असलेलं स्टेशन पहिल्याच झटक्यात घेणारे बहुतेक जण खांबांपाशी थांबतात.

५. नातेवाईकानं परदेशातून स्टेशनचं किट आणलं. ते वऱ्हाडातलं वाटेल असं करता येईल का?

येईल, पण आधी डब्यावरचं स्केल बघा. ब्रिटिश किट बहुतेक ओओ असतात. दाराची उंची मोजा: सात फुटी दार एचओमध्ये साडेचोवीस मिलिमीटर, ओओमध्ये अठ्ठावीस. अठ्ठावीस भरलं तर ती इमारत रुळाला लागून ठेवू नका. उलट एनचं किट घरात पडलं असेल तर ते पार मागे, टेकडीवरचं मंदीर किंवा दूरचं गाव म्हणून वापरा. अंतर आपोआप वाढल्यासारखं दिसतं.

मग कापाकापी. धुराडी काढा, छताचा उतार कमी करा. समोर खोल व्हरांडा जोडा. आपल्या उन्हात त्याच्याशिवाय स्टेशन नसतंच. जोतं उंच करा. भिंतीला चुन्याचा रंग आणि खाली गेरूचा पट्टा. कुंपणाला आणि बऱ्याचदा छपराच्या खांबांनाही रेल्वेनं जुने रूळच उभे केलेले असतात. एचओमध्ये त्यासाठी एन रुळाच्या कापलेल्या तुकड्यांमधली धातूची पट्टी सुंदर बसते. या एका गोष्टीनं परदेशी घर निम्मं आपलं होतं.

६. एमडीएफ, पुठ्ठा, प्लास्टिक की थ्रीडी प्रिंट?

एमडीएफ घ्या. त्याला एक योगायोगाचा फायदा आहे: ३ मिमी जाडी एचओमध्ये २६ सेंमी होते, म्हणजे नऊ इंची विटेची भिंत आणि दोन्ही बाजूंचा गिलावा. खिडकीचा कोनाडा आपोआप खरा दिसतो. जुन्या दगडी इमारतीची भिंत दीड फुटांची असते. तिथे अडीच मिलिमीटरचे दोन थर चिकटवा.

पुठ्ठा स्वस्त आणि शिकायला चांगला, पण पावसाळ्यात सादळतो. प्लास्टिकच्या शीटवर बारीक काम उत्तम होतं, मात्र तालुक्याच्या गावी मिळणं कठीण.

थ्रीडी प्रिंटबद्दल स्पष्ट सांगतो. सगळ्यात जास्त वापरला जाणारा पीएलए (प्रिंटचं प्लास्टिक) साधारण ६० अंशांना मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या काचेमागे किंवा टिनाच्या छताला टेकून ठेवलेल्या डब्यात तेवढं तापमान सहज होतं. पीएलएचं सिग्नल नागपूरहून पुसदला कारमधून आणताना वाकलं, तर दोष प्रिंटरचा नाही. दिव्यांचे खांब, पंपाचे हँडल, घंटा असल्या बारीक वस्तूंसाठी रेझिनचं प्रिंट घ्या आणि तेही सावलीत ठेवा.

७. कशानं चिकटवायचं आणि रंग कधी द्यायचा?

लाकडाला लाकूड: साधा फेविकॉल, पातळ थर, काटकोन धरून रबरबँड लावायचा. धातू किंवा प्लास्टिक एमडीएफला जोडायचं तर फेविक्विक. मात्र त्याची वाफ काचेच्या जागी लावलेल्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट डाग पाडते, म्हणून खिडक्यांच्या काचा शेवटी लावा.

एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात. रंगाआधी सगळ्या भागांना दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलर लावा. एकाच बाजूला लावलं तर भिंत वाकते. आषाढ-श्रावणात स्प्रेनं रंग देऊ नका, हवेतल्या दमटपणामुळे वॉर्निश दुधाळ होतं. आणि एप्रिल-मेच्या दुपारी स्प्रे भिंतीवर पोचायच्या आतच वाळून खरखरीत बसतो. सकाळचे दोन तास बरे.

८. टिनाचं छप्पर आणि कवेलू खरे कसे दाखवायचे?

खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरू नका. खऱ्या टिनाची नाळ साधारण तीन इंचांची, म्हणजे एचओमध्ये ०.८७ मिमी. खोक्याच्या पुठ्ठ्याची नाळ कित्येक पट मोठी असते आणि स्टेशनवर विटांचे पाट ठेवल्यासारखं दिसतं.

सोपा उपाय हार्डवेअरच्या दुकानात आहे. एम-५ चा पूर्ण आटे असलेला लांब रॉड घ्या. त्याच्या आट्यांमधलं अंतर ०.८ मिमी असतं. रबरी मॅटवर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल पसरा आणि रॉड दाबून सरळ लाटा. हुबेहूब नाळी उठतात. आठ बाय अडीच फुटांच्या पत्र्याएवढे, म्हणजे २८ बाय ९ मिमीचे तुकडे कापा, थोडे एकमेकांवर चढवत लावा. एखादा पत्रा जरा तिरका, एखादा जास्त गंजलेला ठेवा. वाऱ्याने उडू नये म्हणून टिनांवर गोटे ठेवायची आपल्याकडची पद्धत आहेच, तेही ठेवा.

मंगलोरी कवेलू साधारण ४१ बाय २३.५ सेंमीचा असतो, एचओमध्ये ४.७ बाय २.७ मिमी, आणि एकावर एक चढल्यावर दिसतो त्याहून कमी. एकेक कापण्याच्या भानगडीत पडू नका. कागदाच्या पट्ट्या एका कडेला दातेरी कापून खालून वर चिकटवत जा. हाताने घडवलेले गोल देशी कवेलू रेल्वेच्या मुख्य इमारतीवर शोभत नाहीत, ते मागच्या वस्तीतल्या घरांवर ठेवा.

९. स्टेशनचा नकाशा कुठेच मिळत नाही. मापं कशी काढू?

विटांनी. भिंतीच्या उघड्या भागात दहा थरांची उंची टेपनं मोजा आणि दहाने भागा. सांध्यासकट एका थराचं खरं माप मिळतं. मग फोटोत थर मोजून दार, खिडकी, वळचण सगळं काढता येतं. विटा गिलाव्याखाली असतील तर दाराचं माप घ्या. गावातला म्हातारा गवंडी सोबत असेल तर उत्तम. भिंत विटेची की दगडाची, छत कशावर तोललंय, हे तो बघून सांगतो.

फोटो काढताना एक-एक फुटावर काळे-पांढरे पट्टे रंगवलेला बांबू भिंतीला टेकवा. लांब उभं राहून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत भिंती वरच्या बाजूला आत झुकतात. इमारतीची लांबी-रुंदी गुगल मॅप्सच्या उपग्रह चित्रावर अंतर मोजून ताडून पाहता येते, फक्त छताची वळचण त्यातून वजा करा. इमारतच उरली नसेल तर प्रश्न १७.

१०. स्टेशनात जाऊन माप घ्यायला परवानगी लागते का?

चालू स्टेशनात प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि आधी स्टेशन मास्तरांना भेटा. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची लेखी परवानगी लागते. रुळावर उतरणं, यार्डात शिरणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी बंद झाली म्हणून जमीन मोकळी झाली असं होत नाही. रस्त्यावरून, फाटकावरून जेवढं दिसतं तेवढं मोकळेपणानं मोजा. नॅरोगेजच्या वस्तू शांतपणे पाहायच्या असतील तर नागपूरला मोतीबागेत २००२ मध्ये सुरू झालेलं नॅरोगेज संग्रहालय आहे. लेकरांनाही घेऊन जा.

११. कोणतं साल दाखवू? इतकं महत्त्वाचं आहे का?

सालावरूनच कोणती इमारत लागेल ते ठरतं. शकुंतलेचं उदाहरण घ्या. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. म्हणजे १९९४ च्या आधीच्या देखाव्यात पाण्याची टाकी, इंजिनात पाणी भरायचा खांब, कोळशाचा ढीग, राखेचा खड्डा हवेतच. नंतरच्या देखाव्यात टाकी उभी, पण गंजलेली आणि कोरडी.

टाकी बनवताना: दाबून केलेल्या चौकोनी पोलादी पत्र्यांच्या टाक्यांमध्ये एकेक पत्रा चार फुटी असतो, एचओमध्ये १४ मिमी. पत्रे मोजले की टाकीचं माप आपोआप निघतं.

पाट्यांनाही साल आहे. ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधी मुर्तिजापुरात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे, नंतर मध्य रेल्वे. आज ओळखीची असलेली पिवळी पाटी, काळी अक्षरं, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, ही इंग्रज काळातल्या देखाव्यात लावू नका. तेव्हाच्या इंग्रजी पाट्यांवर यवतमाळचं ‘येओतमल’ आणि अचलपूरचं ‘एलिचपूर’ असायचं. शेवटचा काळ दाखवायचा असेल तर नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये आणि नागपूर–नागभीड २०१९ मध्ये थांबली, हे लक्षात ठेवा.

१२. स्टेशनाशेजारी जिनिंग-प्रेसिंग दाखवायचंय. काय काय लागेल?

वऱ्हाडात हे नसेल तर स्टेशन अर्धं. या भागात रेल्वे पसरली त्यामागे कापूस हे मोठं कारण. जलंबहून खामगावला फाटा गेला तो तिथल्या कापूस बाजारासाठीच.

जिनच्या इमारतीत लांबट, उंच पोटमाळ्यासारखा हॉल असतो. आत रेच्यांची, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांची, रांग, खाली सगळ्यांना फिरवणारा एकच लांब दांडा. जुनी रोलर जिनं बऱ्याच ठिकाणी ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. बाजूला इंजिनघर आणि चिमणी, जरा अंतरावर गाठी दाबणाऱ्या प्रेसचा उंच भाग, मग गाठींचं गोदाम आणि मालधक्क्याकडे जाणारा फाटा. आगीच्या भीतीनं चिमणी आणि कापसाच्या गंज्या लांब-लांब ठेवलेल्या असतात, हे विसरू नका. सगळं एकाला एक चिकटवलेलं जिन पाहिलं की समजतं, बनवणाऱ्यानं खरं जिन पाहिलेलं नाही.

जुनी गाठ ३९२ पौंडांची. एचओमध्ये अंदाजे १४ बाय ६ बाय ५ मिमीचे लाकडी ठोकळे कापा, तागाच्या रंगात रंगवा, वर लोखंडी पट्ट्यांच्या गडद रेघा ओढा. ढिल्या कापसासाठी खरा कापूस वापरू नका. या मापात त्याचा धागा दोरखंडाएवढा दिसतो. फोमचा उंचवटा, वर फेविकॉल, त्यावर चाळलेली पांढरी रांगोळी. गंजी तयार. आवारात पाच-सहा बंड्या उभ्या करा, बैल सोडलेले.

१३. मुर्तिजापूरसारखं ब्रॉडगेज आणि नॅरोगेज एकत्र करायचं आहे. मापं जुळत नाहीत!

जुळणारच नाहीत. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. १:८७ मध्ये १९.३ मिमी हवेत, मिळतो १६.५ चा रूळ. तो खरं तर युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजसाठी आहे. भारतीय गाड्यांची तयार एचओ मॉडेल याच रुळावर धावतात.

काही जण इमारती १:१०० करून ब्रॉडगेजचा हिशोब जुळवतात. माझं मत विरुद्ध आहे. तसं केलं की शेजारची नॅरोगेज जाड दिसायला लागते आणि मुर्तिजापूरची सगळी गंमत त्या दोन मापांच्या फरकातच आहे. इमारती, माणसं, नॅरोगेज १:८७ ठेवा आणि १६.५ चा रूळ मागच्या बाजूला, फलाटाआड घाला. पावणेतीन मिलिमीटरची तूट तिथे कुणी मोजत नाही. हौस फारच असेल तर १९.३ मिमीचा रूळ हाताने घालता येतो, पण मग प्रत्येक चाक बदलावं लागतं.

१४. अकोला–खंडवा मीटरगेजचा धुळघाटचा वेढा करायचाय. तेच स्केल चालेल?

चालेल, एचओमध्ये १२ मिमीचा रूळ घेऊन. पण तिथे रूळ स्वतःवरूनच वळसा घालून वर चढायचा, त्यामुळे एचओला मोठी खोली लागेल. जागा कमी असेल तर एन स्केल आणि रूळ त्याहून छोट्या झेड स्केलचा, ६.५ मिमी, १००० मिमीला १६० ने भागलं की ६.२५ येतात. इथे एन स्केलचा मोह बरोबर ठरतो, शकुंतलेला ठरत नव्हता (प्रश्न ३).

१५. इमारत जमिनीवर नुसती ठेवल्यासारखी वाटते. काय चुकतं?

बहुधा जोतं आणि माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून काळ्या रानातल्या स्टेशनांना खाली मुरमाचा भराव आणि उंच जोतं असतं. मॉडेलमध्ये इमारत थोडी खाली रुतवा आणि कडेला मुरूम चढवा. मलमलच्या कपड्यातून चाळलेला खरा मुरूम आणि खरी काळी माती, पातळ फेविकॉलवर. दुकानातल्या कोणत्याही पावडरीपेक्षा रंग बरोबर येतो. माती आधी तव्यावर भाजून घ्या, नाहीतर दोन महिन्यांत त्यातून काहीतरी उगवतं किंवा चालायला लागतं.

तडे हवे असतील तर ते खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके निघतात. भिंतीच्या मधोमध सरळ उभा तडा काढला की खोटं दिसतं.

१६. फलाट रुळापासून किती लांब ठेवायचा?

ब्रॉडगेजच्या उंच फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिमीवर आणि उंची रुळापासून ७६० ते ८४० मिमी. एचओमध्ये साधारण १९ मिमी अंतर आणि नऊ ते साडेनऊ मिमी उंची. हे सरळ रुळावरचं. वळणावर सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून पाहा, मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात. नॅरोगेजच्या छोट्या थांब्यांवर फलाट म्हणजे कडेला दगड लावून मुरूम टाकलेली जागा, इतकंच.

१७. आमच्या गावचं स्टेशन पडलं. फोटोही एकच आहे. मनानं बनवलं तर चालेल का?

चालेल, मात्र त्याच मार्गावरचं उभं असलेलं दुसरं स्टेशन मोजून त्यावरून बनवा. एका कंपनीनं एका मार्गावर बांधलेली छोटी स्टेशनं बहुधा एकाच ठरावीक नकाशाची असतात. खोल्या एखाद-दुसरी कमी-जास्त. फोटोतल्या खिडक्यांची संख्या आणि व्हरांड्याचे खांब जुळवा. जे अंदाजानं केलं ते तळाशी पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढे कुणाच्या ट्रंकेत जुना फोटो निघाला तर कुठली भिंत बदलायची ते कळेल.

१८. वाळवी, उंदीर आणि धुळीचं काय करायचं?

एमडीएफ वाळवीला आवडतं. लेआउटचं टेबल भिंतीला टेकवू नका, पाय स्टीलच्या वाट्यांत ठेवा. डिंक किंवा खळ वापरू नका, त्यामागे झुरळं आणि उंदीर येतात, फेविकॉल चालतो. भाताचा कोंडा, गव्हाचा चोकर, मोहरी असली स्वयंपाकघरातली सजावट देखाव्यावर नको. धुळीसाठी जुनं मेकअपचं मऊ ब्रश, वरून खाली. फुंकर मारू नका, टिनांवर ठेवलेले गोटे उडतात. उन्हाळ्यात वादळाची चिन्हं दिसली की वर जुनं सुती धोतर टाका. प्लास्टिक टाकलं तर आत वाफ धरते आणि प्रश्न ७ मधलं सीलर न लावलेलं प्रत्येक टोक फुगतं.